खोलीची रुंदी

उम्म अल कुवैनच्या खाडीवर डांबर संपतं,
मग पाऊण किलोमीटर चिखल,
मग ही तिवरं राखायची चौकी.
नकाशात तिला नाव नाही, नुसता चौकोन.
माझ्याकडे टेप, वही,
आणि भरती चढेपर्यंतचा वेळ.

पाडायची की राखायची, नगरपालिका बघेल.
मी मापं घेते.

भिंत अठरा इंच. समुद्रातून काढलेला पोवळ्याचा दगड,
वर जिप्समचा गिलावा. तो सुटलाय तिथे
शिंपले अजून तोंड मिटून बसलेत,
कुणी विचारलंच तर सांगायचं नाही, असं ठरल्यासारखे.
दार सागवानी, बसकं. वाकूनच आत जायचं.
खिडकी एक, खाडीकडे.
तिची चौकट कोपराने गुळगुळीत झालीय, डाव्या बाजूला.

सालमीन टेपचं दुसरं टोक धरतो.
बाजारात शिकलेल्या हिंदीत सांगतो:
पहिले इधर खारी मच्छी.
मग बरीच वर्षं कुणी नाही, वटवाघळं.
मग सरकारला एके दिवशी झाडं आठवली
आणि त्याच्या बापाला टोपी, शिट्टी
आणि माशांच्या वासाची ही खोली मिळाली.
वास अजून आहे, म्हणतो. मला येत नाही.

रुंदी साडेदहा फूट.
पुन्हा मोजते. साडेदहाच.
लांबी एवढी ऐसपैस, मग रुंदीला काय झालं?
तो वर बोट दाखवतो. लकडी इतनाच आता.
छताला खजुरीची चटई, खाली बत्तीस वासे,
आफ्रिकेच्या कुठल्याशा खाडीतून गलबतावर लादून आणलेले.
चंदल, म्हणतो.
मी नखाने साल खरवडते. आत तांबूस.
चंदल. अरे, हा तर आमचा कांदळ.

म्हणजे बत्तीस कांदळ तोडले
आणि त्यांच्या सावलीत बसून
बापलेकांनी तिवरं राखली.
सालमीनला हे सांगावं म्हणते,
पण हिंदी दोघांचीही तोकडी.

दाभोळच्या खाडीत बाबांना एकदा पकडलं होतं,
होडीत तिवराची एक मोळी.
दोनशे रुपयांची पावती.
ती त्यांनी रेशनकार्डात जपून ठेवली, का कोण जाणे.
त्या वनरक्षकाला आम्ही जेवताना शिव्या घालायचो.
तो कुठे बसायचा,
त्याच्या छताला काय होतं,
कधी डोक्यातही आलं नाही.

कोनाड्यात बापाची नोंदवही, वाळवीने कडा खाल्लेली.
सालमीन ओळीवर बोट ठेवून वाचतो:
उंट तीन, झाडं खात होते. मालक सापडला नाही.
वारा.
वारा.
उंट, तेच तीन.
एक माणूस, डोक्यावर फांद्या. थंडी फार. जाऊ दिला.
उंट.

मधली ओळ परत वाच, म्हणते.
तो पान उलटून बसलाय.
पुन्हा सापडेपर्यंत पाणी पायरीला लागतं.

वहीत लिहिते: रुंदी, साडेदहा फूट.
कारणाला रकाना नाही.
समासात बारीक अक्षरात लिहिते, कांदळ,
इथल्या साहेबांना वाचता येणार नाही अशा लिपीत.

बूट हातात घेऊन परत निघतो.
सालमीन कुलूप लावतो. दाराला वरून फट आहे,
मांजर सहज जाईल एवढी.
तरी दोनदा ओढून बघतो.