पाण्यावर डोळा

संध्याकाळी अपडेट आलं, मी हो म्हटलं.
आपण हो म्हणतोच.
खाली दांडिया बाजारात कुणाच्या तरी वरातीचा बँड,
आणि लॅपटॉप पुन्हा सुरू होता होता
मध्येच काळा पडला.

मेला नव्हता. पंखा फिरत होता,
कॅप्सलॉकचा दिवा लागत होता, विझत होता,
लॉगिनचा तो टुणकन आवाजसुद्धा आला.
आत सगळं चालू, फक्त दाखवत नव्हता.
वर डाव्या कोपऱ्यात एक रेघ
उघडमीट करत होती,
काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून टॉर्च मारला
की विश्वामित्रीत
मगरीचा एकच डोळा चमकतो, तशी.
बाकीची मगर किती लांब आहे
ते पुलावर कुणालाच ठाऊक नसतं.

सयाजीगंजच्या भाविनभाईंना फोन लावला.
‘वैजूबेन, एमां शुं, विन्डोज नाखी दऊं?’
मी गुजरातीत ना म्हटलं,
आणि फोन ठेवून मराठीत शिवी दिली.

या यंत्रातही दोघं राहतात.
एक कार्ड घरचं, प्रोसेसरच्या पोटातलं,
पत्रं, हिशेब, चित्रपट, विजेची काटकसर.
दुसरं दांडगं, नकाशे त्याच्याशिवाय हलत नाहीत,
आणि त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या कुलपात.
कुणी कधी बोलायचं ते एरवी आपसूक ठरतं,
घरात ‘आलेच’, दारात ‘आवुं छुं’,
मधला सांधा कळतही नाही.
आज सांधाच निखळला होता.

सकाळी दहाला महापालिकेत नकाशा द्यायचा होता,
पावसाळी कांसांचा.
(इथे नाल्याला कांस म्हणतात. माझ्या पुण्याच्या मावसबहिणीला
दर वेळी सांगावं लागतं.)
तेवीस थर, सात महिने,
आणि सगळे त्या काळ्याच्या खाली.

कंट्रोल, ऑल्ट, एफ तीन.
पांढरी अक्षरं आली. नाव विचारलं, सांगितलं.
लॉग उपसायला बसले, गाळ उपसतात तसा.
ओळीमागून ओळ, ठीक, ठीक, ठीक,
आणि त्यांतच एक,
आवाज न चढवता:
मॉड्यूल घेतलं नाही. किल्ली नाकारली.

म्हणजे ड्रायव्हर होता.
नव्या कर्नलच्या मापाने बेतूनही झाला होता,
दारात उभा होता.
त्याच्यावर सही नव्हती, एवढंच.

अकरा वर्षं मी हेच बघते आहे.
कांस आहे, पाणी आहे,
पाण्यात आख्खी गल्ली आहे, गॅसच्या टाक्या तरंगताहेत,
पण फायलीवर सही नाही
म्हणून नकाशात नाही.
रात्री अडीच वाजता एकटीच हसले.

सही करायची तर किल्ली हवी,
किल्लीला परवलीचा शब्द, किमान आठ अक्षरं,
एकदाच लागेल, सुरू होताना, निळ्या पडद्यावर,
दहा सेकंद वाट बघेल आणि निघून जाईल.
मी लिहिलं: डबकंडबकं. इंग्रजी अक्षरांत.

ते दहा सेकंद चहा गाळण्यात गेले.

पुन्हा पहिल्यापासून.
या वेळी बोटं कळीवर ठेवूनच बसले,
चहा तसाच, वर साय धरलेला.
विचारलं. डबकंडबकं.
क्षणभर काहीच नाही.
मग भिंतीवर माझी सावली पडली,
तेव्हा कळलं, पडदा उजळलाय.

थर एकेक करून चढले,
रस्ते, घरं, कांसा,
सगळ्यांत शेवटी ती, निळी, वळणावळणाची,
शहरातून वाट काढत नाही, शहरच तिला अंग चोरून जागा देतंय
असं तेवीस थरांनंतर दिसतं.
जुना कर्नल यादीतून काढला नाही.
असू दे खाली.

सकाळी सेवउसळीच्या गाडीवर भाविनभाई भेटले.
‘थयुं?’
थयुं.
‘शुं हतुं?’
म्हटलं, सही नव्हती.
तर्री वाढून घेत म्हणाले,
‘ओहो, तो तो सरकारी प्रॉब्लेम.’

घरी बाहेरचा मोठा मॉनिटर
अजून काळाच आहे.
सिग्नल नाही म्हणतो.