जाळी कशानं धरते

नोंदवही भाताच्या गिरणीची आहे.
मागून कोंड्याचा हिशोब, पुढून जांघेचा.
पट्टीनं मी रकाने आखले:
खिळे. गोंद. काहीच नाही.

बेंबीखालून दुर्बीण आत गेली
की पडद्यावर कोळिष्टकांचा एक प्रदेश उघडतो
वायूनं फुगलेला, ओलसर,
आणि त्यात दोन त्रिकोण, पुस्तकात नावं असलेले:
एक मरणाचा, एक दुखण्याचा.
पहिल्यात मोठ्या रक्तवाहिन्या.
दुसऱ्यात नसा, केसाएवढ्या, असूनही न दिसणाऱ्या.
तिथे खिळा नाही, म्हणाले होते सर,
आणि चिमट्यानं माझ्या मनगटावर दोनदा टकटक केलं.
अजून त्या जागी खाज येते.

चिंधू कापगते, गिरणीतला हमाल.
खिळे, चार. सगळे त्रिकोणाबाहेर, शपथेवर सांगते.
वर्षानं त्याची बायको बाजारात भेटली:
सायकलवर टांग टाकताना थांबते मानूस,
मले वाटे देवाचं नाव घेते,
कान देऊन आयकलं त शिवी.
मी लिहिलं: हर्निया परत नाही.
दुखणं: शिवीपुरतं.

गोंद नागपूरहून येतो,
थर्मासात, बर्फात,
एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटखाली.
माणसाच्याच रक्तातून काढलेला, म्हणून नाजूक,
म्हणून एका पेशंटच्या गोंदात
आमच्या दवाखान्याचं महिन्याचं डिझेल बसतं.

दसरू वलथरेला आदल्या रात्री
मी जाळीचा तुकडा हातात दिला.
अंगठ्यानं त्यानं एकेक घर चाचपलं.
गाठ नाई हिले, म्हणाला. मशीनची.
मग बराच वेळ काही नाही.
खाटेखाली त्याच्या सुनेनं डबा उघडला, सुक्या मासळीचा वास आला.
धरते कशानं?
मी सांगितलं, गोंदानं.
तो हसला नाही, पण हसू आवरल्यासारखं केलं.
आमचं जारं पान्यातून काढाचं असते मॅडम,
म्हनून मणी, म्हनून दोर.
तुमाले त काढाचंच नाई.
मंग बांधता कायले?

सकाळी बस लाखनीच्या पुढे बंद पडली.
फोन आला तेव्हा दसरू झोपवलेला होता,
तोंडात नळी, पडद्यावर त्याचं भोक,
बोराएवढं.
खिळ्यांची बंदूक कपाटात होती. अंजिरा सिस्टरनं
कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी जाळी नुसती अंथरली.
पंधरा बाय दहा, एक सुरकुती राहिली, ती काढली,
दुसरी आली.
खालची कड चिमट्यात धरून ठेवली
आणि वायू सोडा म्हटलं, हळू, अजून हळू.
पोटाचं अस्तर खाली येऊ लागलं,
तलावाचं पाणी उन्हाळ्यात न सांगता चिखलाकडे येतं तसं,
आणि जाळीवर टेकलं.
कड दुमडली तर सगळं फुकट.
शेवटी चिमटाही काढावा लागतो.
काढला. पडदा काळा.

खिळे एक्स-रेत दिसतात.
काहीच नाही कुठेच दिसत नाही,
त्याची चौकशी करायला गावी जावं लागतं.
सहा महिन्यांनी गेले. तो तलावात कमरेएवढा,
भोवती बेशरमाची झुडपं, वर टिटवी.
त्यानं कंबर पिळून जाळं फेकलं.
लोक जाळ्याकडे बघतात,
मी जांघेकडे बघत होते, पाण्याखालच्या.
त्यानं हात केला.
बोलावलं की हाकललं, एवढ्या लांबून कळलं नाही.

भोक मोठं असेल तर
मी अजून कपाट उघडते, सांगून ठेवते.
एका माणसावरून कुणी पद्धत बदलत नाही,
आणि वहीत अशी माणसं अकराच.

वलथरे, दसरू, मी लिहिलं. काहीच नाही.
अंजिरा सिस्टर खांद्यावरून वाचत होती.
मॅडम, हे केलं ते लिवलं
का झालं ते?