प्रवासाचा हेतू

ओशच्या बाजारामागे, किल्ल्या घासणारा तुर्गुन
आणि फोनच्या काचा बदलणारी पोरं
यांच्या मधल्या फटीत माझी टपरी.
पाटीवर तीनच शब्द: फोटो, फॉर्म, भाषांतर.
बाकीचं लोक स्वतःच घेऊन येतात.

ओरोझबुबू आली तेव्हा तिच्या कोपरांना पीठ होतं.
"मुलीचे दिवस भरत आलेत," म्हणाली, "तिकडे."
तिकडे, म्हणजे आपली रात्र ही ज्यांची सकाळ,
आणि ज्यांची वकिलात आपल्या देशात नाहीच.
म्हणजे दार वाजवायलाही आधी एक सीमा ओलांडायची.

पर्याय वाचून दाखवले.
पर्यटन. कौटुंबिक भेट. उपचार. शिक्षण.
नुसतं विमान बदलायचा, तोही वेगळा.
"बाळंतपणाला जायचा कुठला?"

तसा नसतो, आपा.
बाळाला न्हाऊ घातलंस तर ते काम,
आणि कामाच्या व्हिसाला मालक लागतो.
"मग नातू कोण लागतो?"
मी लिहिलं: भेट. नव्वद दिवस.

फोटोत हसायचं नाही.
पडदा पांढरा, तुझा रुमालही पांढरा,
डोकं संपतं कुठे ते कळत नाही;
हा घे, माझ्या बायकोचा निळा बांध.

सहा महिन्यांचा बँकेचा हिशेब मागतात.
तिचा हिशेब तंदूरशेजारच्या भिंतीवर, कोळशाने:
कुणाकडे किती नान बाकी.
मी त्याचाही फोटो काढला.
जोडला मात्र नाही.

मग तालीम. मी काचेआड बसलो, आवाज कोरडा केला.
तिकडे काय करणार?
"पाणी तापवीन."
नाही, आपा. धबधबा बघेन म्हण. लोक तो बघायलाच जातात.
"धबधबा बघेन," ती म्हणाली,
"बाळ झोपलं की."

आमच्याकडे लांब निघालेला माणूस
नानाचा एक घास तोडतो, उरलेला खिळ्याला टांगतात.
परत येऊन त्यानेच तो संपवायचा.
तिच्या घरी आता कुणी नाही, म्हणून खिळा माझा,
झेरॉक्स मशीनच्या वर.

पाचव्या दिवशी ती वकिलातीतून परतली.
खिडकीतल्या मुलीने विचारलं म्हणे, कसला धबधबा?
ओरोझबुबूने दोन्ही हात पुढे केले
आणि कोपरापासून बोटांपर्यंत
एवढासा धबधबा दाखवला.
ती हसली का? सांगता येईना.
काच जाड होती.

मी नान उतरवायला गेलो.
"राहू दे," म्हणाली, "हा प्रवास तो नव्हे."

रोज सकाळी मी तिचा अर्जक्रमांक टाकतो.
रोज तेच: प्रक्रियेत आहे.
गिऱ्हाइकं वर बघतात, हे काय टांगलंय?
पुरावा, म्हणतो. जोडायला रकाना नव्हता.

काल ती धावत आली, हात तसेच पिठाचे.
मुलगी झाली. तीन किलो दोनशे.
फोनवर रडणं ऐकवलं मला, दोनदा.
मग खुर्ची ओढून बसली, आणि हळूच:
"आता हेतू बदलावा लागेल का रे फॉर्मवरचा?"