ऐकू आलं

साडेचारला पर्वती इंडस्ट्रियल इस्टेटीतला प्रेस थांबतो,
चार चाळीसला उद्धव लोंढे माझ्यासमोर.
पाटीवर अमृततुल्य लिहिलंय,
पत्रा मात्र टपरीचाच.

बाकीचे येतात ते फोनवर ओरडतच,
स्पीकर लावून, अख्ख्या इस्टेटीला सासू ऐकवत.
कुणाचा हप्ता, कुणाचा मेव्हणा, कुणाचं ‘अगं ऐक तर’.
उद्धवच्या कॉलला आवाज नसतो.
त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, मयुरीलाही नाही.
प्रेसच्या दणदणाटात आठ तास काढून
तो एकटाच बाहेर येतो डोकं न धरता.

पहिल्या दिवशी एका हातात फोन
आणि दुसरा हवेत.
मला वाटलं, माशा हाकलतोय.
त्यांच्या भाषेला दोन हात लागतात
हे मला तेव्हा कुठलं माहीत?
अर्धे शब्द खाली पडत होते
बशांमध्ये, माझ्या ओट्यावर.

मी क्रीमरोलची बरणी पुढे सरकवली.
त्याने फोन तिला टेकवला,
आणि तो माणूस एकदम सबंध बोलायला लागला,
कोपरापासून, खांद्यापासून, भुवयांनी.
तेव्हापासून ती बरणी त्याची.
काचेवर वाफ बसली की
पलीकडून मयुरी ओढणीने हवा पुसून दाखवते,
मग मी फडकं मारतो.

वाल्ह्याला रेंज कच्ची.
चित्र अडकतं तेव्हा तिचा हात
वाक्याच्या मध्येच राहतो, बोटं अर्धी मिटलेली.
आपण ‘हॅलो, हॅलो’ करून शेजार उठवला असता.
उद्धव थांबतो.
तिचा हात हलेपर्यंत
स्वतःचाही हलवत नाही.

परवा स्क्रीनभर एक तोंड होतं,
लालबुंद, बिनदातांचं, उघडलेलं.
अकरा दिवसांची पोरगी.
उद्धवने खिशातून कुणाचा तरी मागून आणलेला इयरफोन काढला,
गाठी सोडवत बसला. आपल्याला घाई, त्याला नाही.
एक बोंड माझ्या कानात खुपसलं
आणि दुधाच्या बिलामागे पेन्सिलीने लिहिलं:
कसा आहे आवाज?

आता काय सांगायचं.
रडणं रडण्यासारखं असतं.
बारीक लिहू? चिरका?
मांजराच्या पिल्लासारखा?
पिल्लं त्याने पाहिलीत, पाळलीतसुद्धा.
मागून कोणीतरी म्हणालं, दोन स्पेशल, साखर कमी.
पेन्सिल हातात घेतली आणि परत ठेवली.

मग त्याचा तळवा धरला,
ओट्यावर पालथा ठेवला,
आणि खलबत्त्यात आलं घेऊन कुटायला लागलो
जसं कानात येत होतं तसं.
दोन हलके, एक जोरात,
दोन हलके, एक जोरात,
मग ती श्वास ओढते तिथे काहीच नाही
(तिथे बत्ता वर धरून ठेवायचा, हेच अवघड),
मग पुन्हा.
बरणी थरथरली, फोन थरथरला,
तिकडे वाल्ह्यात आम्ही सगळेच हललो असणार.

त्याने डोळे मिटले होते.
उघडले तेव्हा फोनकडे वळला
आणि मूठ स्वतःच्या छातीवर आपटून दाखवली,
दोन हलके, एक जोरात.

मयुरीने मान हलवली.
तिचा तळवा पोरीच्या छातीवर होता,
मला आत्ता दिसला,
आधीपासूनच असणार.
एकाच हाताने ती काहीतरी म्हणाली,
दुसरा तिथून उचलला नाही.
उद्धव हसला. सगळं समजलं असावं,
निदान त्याला तरी.

चहा उतू गेला होता.
दोन स्पेशलवाला आता बोंबलत होता.
मी गॅस बारीक केला, कपड्याने ओटा पुसला, आलं पातेल्यात टाकलं.
कानातलं बोंड
तेवढं काढलं नाही.