वीज फेकतो का?

‘तेजोधर’ लागला त्या शुक्रवारी मीही गेले होते,
खोटं कशाला बोलू.
कुर्ल्याला, सकाळी सातचा खेळ.
सी-लिंकची एक तार उपटून
तो बुडती बोट ओढतो तेव्हा
शेजारच्या अनोळखी पोराचा दंड धरून ओरडले.
त्याचं अर्धं पॉपकॉर्न माझ्या ओढणीत.
चांगला होता हो सिनेमा.
दुखणं तिथूनच सुरू होतं.

नऊशे कोटी.
आरामनगरच्या बंगल्यांत त्या आठवड्यात
जो तो आकडा असा सांगायचा
जणू त्याच्याच घरी पाळणा हललाय.

माझ्याकडे तेव्हा एक गोष्ट होती.
सदानंद चुरी, बेस्टचा मीटर वाचणारा,
डोंगरीपासून घोडपदेवपर्यंतचे जिने त्याचे.
मीटरवर तळवा ठेवला
की त्या घरात गेल्या महिन्यात कोण किती रडलं
ते त्याला ऐकू येतं,
युनिटमध्ये.
बस, एवढीच शक्ती.
आकडा लिहितो, पुढच्या जिन्याला लागतो.
एका दारी शून्य येतं
आणि तिथून त्याचा पाय निघत नाही.

फिलोमिना डाबरेनं त्याचा कान बनवला होता,
गोराईच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सिलिकॉनचा,
खऱ्यापेक्षा जेमतेम दोन सूत मोठा.
“कळता कामा नये,” म्हणाली,
“पण बघणाऱ्याची झोप उडाली पाहिजे.”
मागे फळीवर तिची हडळ,
तिचा खाडीतला बिनपापण्यांचा,
कामाची वाट बघत बसलेले.

भूपेनशेठनी पानं चाळली.
“छान आहे,” म्हणाले. “वीज फेकतो का?”
म्हटलं, नाही, वाचतो.
“मग फेकायला लाव.”

लावली.
भाडं थकलं होतं, तेही लपवत नाही.
पहिल्या खर्ड्यात सदानंदचा हात चमकला.
तिसऱ्यात जिना सोडून तो उडाला.
पाचव्यात शून्याचं घर गेलं,
त्या जागी चाळीस मजली टॉवर, कोसळायला.
सातव्यात एक भाऊ निघाला,
दुसऱ्या भागासाठी राखून ठेवलेला.
कान काढला. मुखवट्याखाली दिसत नव्हता.

माझ्या एकटीचं नव्हतं हे.
ज्याच्याकडे भूत होतं, त्याच्या भुताला अंगरखा चढला.
जिच्याकडे मागच्या सालात उतरणारी लिफ्ट होती
तिची लिफ्ट आता मारामारी करायची.

वर्षात अकरा आले.
पहिले दोन लोकांनी पोटात घातले.
अकरावा आमचा.
मंगळवारी दुपारी थिएटरात मी, डोअरकीपर,
आणि एसीसाठी आलेलं एक जोडपं,
त्यांनाही थंडी वाजली बहुतेक, मध्यंतरात गेलं.

“लोकांना आता अद्भुत नकोय,”
भूपेनशेठ, कपाळाला आठ्या.
“काही घरगुती आहे का? लग्नाबिग्नाचं?”

म्हणजे जो कुणी कधी पाहिलाच नाही
तो सदानंद लोकांनी नाकारला, अशी नोंद झाली.
त्याच ओळीत हडळ. त्याच ओळीत लिफ्ट.

“ऊस गोड लागला की मुळासकट खातात,”
फिलोमिना म्हणाली,
“आणि मग सांगतात, ह्या मातीत ऊस येत नाही.”
ती आता लग्नाच्या हॉलसाठी फायबरचे हत्ती करते,
सोंड वर, सोंड खाली, दोन्ही साच्यांत.
हडळीचे केस मात्र अजून धुते.

कान तिनं मला दिला, बडीशेपेच्या डबीत.

काल रात्री आमच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीत,
डबी उघडली.
चोवीस मीटर. कुठल्याला लावू ठरेना.
एकाचा आकडा जागचा हलत नव्हता,
घर नंबर मी वाचला नाही.
वॉचमननं टॉर्च मारला,
“काय मॅडम, बिल जास्त आलंय का?”

म्हटलं, बघतेय.