नऊशे सात अंश

जस्त पळपुटं, एवाल्ड म्हणायचा.
नऊशे सातला उकळतं,
हवा लागली की पांढरी राख.

त्याच्या बापाने ते मातीच्या मुशीत कोंडलं.
मुशी पायांनी मळलेल्या,
दर पाळीला दोन-चार तडकायच्या.
गोणीभर जस्ताला दहा गोण्या कोळसा.
सायलेशियात तेव्हा कोळसा स्वस्त होता,
माणूस त्याहून.

एवाल्डच्या भट्टीत
वितळल्या शिशाचे फवारे उडत.
वाफ त्यांत सापडे,
शिसं निवलं की वर येई,
दुधावर साय यावी तशी.
एकाच आगीत दोन धातू!
हा हिशेब मी वहीत
लाल शाईने दोनदा अधोरेखित केलाय.

वहीत न मावलेलं शिसं
दवाखान्यातल्या कार्डावर सापडलं,
त्याच्या धाकटीच्या नावापुढे.
ती वही माझी नव्हती.

मग विजेच्या टाक्या आल्या, दुसऱ्यांच्या गावात,
शांत, बिनधुराच्या.
कोक महागला. लंडनचा भाव पडला.
एका गुरुवारी भट्टी विझवली;
निवायला अकरा दिवस लागले.

ट्रूडा आता सासऱ्याच्या मुशींत
जेरेनियम लावते.
भाजी लावू नका,
असं नगरपालिकेचं पत्रक
अजून दाराशी चिकटलंय.