सुकीची उंची

नदीचं नाव सुकी.
वर्षातले आठ महिने ती नावाला जागते.
आमच्या आराखड्यात: हंगामी प्रवाह, गट क.

त्या रात्री खिरवाड्यात थेंब नव्हता.
पाऊस वर होता, पालच्या डोंगरात,
आणि शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची,
म्हणून केळीला पाणी सोडायला
सायराबी तडवी तीन वाजता बांधावर होती.
विहिरीचं पाणी रात्री कोमट असतं.
पायाला लागलं ते गार होतं.

मग डबा. फवारणीचा रिकामा डबा आणि विळा,
कोळीवाडा, मशिदीमागची गल्ली, वरचा पार,
उठा रे, सुकी आली.

चाळीस दिवसांनी मी आले, जळगावहून,
सहा पानांची प्रश्नावली घेऊन.
प्रश्न चौदा: पूर्वसूचना कोणाकडून मिळाली?
तहसील. मोबाईल. दूरदर्शन. इतर.
एकशे अकरा घरं. एकशे सात वेळा इतर.
पुढे दोन शब्दांपुरती रेघ होती,
तेवढीच पुरली. सायराबी तडवी.

मुंबईहून शेरा आला:
‘इतर’चं प्रमाण अवाजवी. प्रश्न सदोष वाटतो.

तिला मी अहवालातला शब्द सांगितला, लवचीकता.
म्हणजे काय, तिनं विचारलं.
वाकायचं, आणि पुन्हा उभं राहायचं.
ती आडव्या बागेकडे बघत म्हणाली,
“केळ वाकत नाही बाई. कमरेत मोडते.
खालून मुनवा येतो, पन तो दुसरा असतो.”
हे कुठल्या रकान्यात घालायचं
मला अजून सुचलेलं नाही.

जुन्या पुरांची उंची हवी होती.
कचेरीत नोंद नाही. शाळेच्या भिंतीवर आहे,
सुपडू कोळी म्हणाले,
बापानं गेरूनं ओढलेल्या रेघा, खाली साल.
टेप घेऊन गेले तर
भिंत आदल्या शनिवारी रंगवलेली.
पुनर्वसन निधी, शीर्ष: किरकोळ दुरुस्ती.
आकाशी रंग, कोपऱ्यात हसरा सूर्य,
आणि मधोमध, पाणी हेच जीवन.

सुपडूअण्णा सूर्याखाली पाठ टेकून उभे राहिले.
“यंदाचं,” हात छातीशी.
“त्याच्या आंधीचं,” हात ढोपराशी.
“आन् पह्यलं, हे इथलोक,” हात गळ्याशी.
तिथेच थांबला हात.
“पन तवा मी नऊ वर्साचा व्हतो.”

नऊ वर्षांचा गळा जमिनीपासून किती?
आमच्या एकाही तक्त्यात नव्हतं.
त्यांनी नातवाला हाक मारली, देवांशूला.
“हा दहाचा हाये. दोन बोटं कमी धरजा.”
पोराला उभं केलं, गळ्याशी खडू ओढला.
त्यानं मान न हलवता विचारलं,
“एवढं येईल?”
“आलं व्हतं,” आजोबा म्हणाले.
एकशे चार सेंटिमीटर.

मुख्याध्यापक बाहेर आले. रंग ओला आहे अजून, म्हणाले,
खडू लगेच पुसला तर निघेल.
सुपडूअण्णा घरी गेले
आणि गेरू घेऊन आले.

शिफारस सात: गावात रात्री कोण कोण जागं असतं,
याची यादी ग्रामपंचायतीत ठेवावी.
हे काढलं तर बाकीचं छापू नका,
असं खाली लिहिलं, आणि खोडलं.

परिशिष्ट तीन, पूररेषा, रकाना स्रोत:
देवांशू कोळी, इयत्ता चौथी,
गळा, वजा दोन बोटं.
मुंबईचा शेरा यायचा आहे.